पाचव्या भागानंतरचं बारसं

माझ्या भाच्याचं नाव एका दुष्ट माणसावरून ठेवलेलं आहे आणि ते मीच ठेवलेलं आहे.

तेव्हा आम्ही जळगावात पिंप्राळ्याला राहायचो. मी कॉलेजात कमी आणि नीलद्वीप नावाच्या बेटावर जास्त असायचे. (नकाशात शोधू नका. हे बेट एका कादंबरीमालेत होतं. नवा भाग आला की वाचनालयाची पहिली पायरी माझी!) तिथला राजपुत्र मणिकेत बोलणाऱ्या घोड्यावरून फिरायचा, समुद्राला विचारून वाट काढायचा, शत्रूच्या जखमेलाही स्वतः लेप लावायचा. पहिल्या भागात तो पोरका झाला तेव्हा मी जेवले नाही. चौथ्यात त्याला राज्य मिळालं तेव्हा मी शिरा केला.

"कशाबद्दल गं?" आईनं विचारलं.

"राज्याभिषेक!"

आईनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

लांबलचक मालांची हीच खोड असते. माणूस भागाभागानं घरातला होत जातो, आणि एकदा तो आपला झाला की त्याच्याविषयी वाईट ऐकायची आपली तयारी राहत नाही.

तेवढ्यात वहिनीला मुलगा झाला. ती माहेरी, फैजपूरला होती. आमच्याकडे नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि आत्या मी एकटीच. नाव अर्थातच मणिकेत! सराफाकडून चांदीच्या वाटीवर कोरूनही घेतलं.

बारशाला आई आणि मी एसटीनं निघालो. आदल्याच संध्याकाळी हाती लागलेला पाचवा भाग मांडीवर होता. यावल जवळ आलं आणि मणिकेतनं आपल्या आत्याला दगड करून टाकलं! ज्या आत्यानं पोरक्या पोराला वाढवलं, तिला! उद्या राज्यात वाटा मागेल म्हणून!

"मेल्या!" मी किंचाळले. "लाज नाही वाटली?"

कंडक्टरनं बेल ओढली. गाडी थांबली. मागच्या बाकावरचे एक आबा तर बाह्या सरसावून उभेच राहिले.

"काय झालं ताई? कोण त्रास देतंय?" कंडक्टरनं विचारलं.

"काही नाही भाऊ," आई तोंड लपवत म्हणाली, "पुस्तक वाचतेय ती."

"मग मनात वाचा ना, ताई!"

गाडी सुटली. मी हळूच म्हटलं, "आई, नाव बदलू या."

"आणि वाटीवरचं?"

"घासून काढू."

"काढ! बाळाच्या वाटीची चाळण कर!"

फैजपूरला घर बायाबापड्यांनी भरलेलं. पाळण्यात वाकून बघितलं, तर त्या एवढ्याशा जिवानं माझं बोट घट्ट धरलं. मला भडभडून आलं. असल्या गोड पोराला मी असल्या कृतघ्न माणसाचं नाव देणार होते!

पद्धत अशी की आत्यानं बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं आणि मागच्या बायांनी तिच्या पाठीत बुक्के घालायचे. मी वाकले. "कुर्रर्र..." बुक्के बसले, नाव निघेना! पुन्हा कुर्र, पुन्हा बुक्के. (केळीच्या बागेत राबलेले हात होते ते. गंमत म्हणूनही मारले तरी लागतात.)

"काय वं पोरी," वहिनीची आजी, अक्का, कडाडली, "नाव सांगतं का नाई? का नुसती पाठ शेकून घ्याले आली?"

पाळण्याशेजारी बसलेली वहिनी माझ्याकडे झुकली. "ताई, काय झालं?"

"वहिनी, पाचव्या भागात तो वाईट निघाला हो! आत्याला दगड केलं!"

वहिनीनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग म्हणाली, "एवढंच ना? अहो, सहावा भाग इथल्या वाचनालयात आलाय, मी वाचलाय. ती सगळी चेटकिणीची करणी असते. शेवटी तोच आत्याला जिवंत करतो, पाया पडतो, रडतो."

मी जी वाकले! "कुर्रर्र! मणिकेत!" बाळ दचकून रडायला लागलं. शेवटचा बुक्का अक्काचा होता, तो मला अजून थंडीत आठवतो.

सहावा भाग छापून आला तो दुसऱ्या वर्षी. त्यात मणिकेतनं आत्याचा दगड सिंहासनाच्या पायरीला बसवला होता!

मी पुस्तक घेऊन तशीच स्वयंपाकघरात धावले. वहिनी आमच्या मणिकेतला वरणभात भरवत होती.

"वहिनी, तुम्ही हा वाचला होता ना?"

"मी? तुम्ही पहिला भाग दिला होतात, त्यातला घोडा बोलायला लागला आणि मला झोप लागली."

"मग ती चेटकीण? ती करणी?"

"ताई," ती पोराचं तोंड पुसत म्हणाली, "तुम्ही रडत होतात, बाया मारत होत्या. मला बघवेना हो."

मी तिला तिथंच, खरकट्या हातासकट, मिठी मारली.

आजही कोणी नीलद्वीपाचा विषय काढला की मी शेवट सांगते तो वहिनीचाच: चेटकीण, करणी, आत्या जिवंत, पाया पडणं. आणि ऐकणारे कीव येऊन म्हणतात, "बाई, तुम्ही ही माला वाचलेली दिसत नाही!"