दिनूचा कागलचा गुरुवार

बसा, चहा येईपर्यंत माझी फजिती ऐकून घ्या. घरात हा विषय काढला की मंडळी मला गप्प बसवतात, म्हणून बाहेर सांगत फिरतो. पन्नाशी ओलांडलेल्यांनी जरा पुढं सरकून बसावं.

आमच्या मंगळवार पेठेत एक छोटी पतसंस्था आहे. संचालक अकरा. सहा आमच्या पॅनेलचे, पाच तात्या पोवारच्या पॅनेलचे. आमचे चेअरमन राजीनामा देणार आणि उरलेल्या मुदतीत खुर्चीवर मी बसणार, असं बेलभंडारा उचलून ठरलं होतं. पण आपल्याकडं सहाला पाच म्हणजे काय असतं, हे तुम्हाला सांगायला हवं का? एकजण फुटला की संपलं. माझी झोप उडाली. कोण कुणाशी बोलतो, कुणाची गाडी कुणाच्या दारात उभी आहे, सगळ्यावर मी नजर ठेवायला लागलो.

आणि सापडला कोण? दिनू चौगुले. माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि आमच्या सहांतलाच एक संचालक.

दिनूचं पाइप-मोटारींचं दुकान. दिवाळीलासुद्धा अर्धा दिवस उघडं ठेवणारा माणूस, पण दर गुरुवारी दुपारी शटर ओढून गायब व्हायला लागला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"कुठं गेलतास रं?"

"कागलला. पावण्यांकडं."

"कागलात तुझं कोण पावणं?"

"हाय की एक," म्हणाला आणि पंपाची किंमत सांगायला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

आता मला सांगा, ह्याच्या लग्नात मी पंगती वाढल्यात. दोन्हीकडची सोयरीक मला पाठ आहे. कागलात ह्याच्या ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही. मग हे पावणं आलं कुठनं?

पुढच्या गुरुवारी तोंडाला मास्क लावला, डोक्यावर हेल्मेट चढवलं आणि स्कूटर त्याच्या मागं घातली. हायवेनं थेट कागल. दिनू एका दवाखान्यात शिरला. मी समोरच्या वडापावच्या गाड्यामागं उभा राहिलो. दवाखाना कशाला? कोल्हापुरात दवाखाने कमी आहेत का? कागलची माणसं औषधपाण्याला कोल्हापूरला येतात. उलट्या दिशेनं कोण जातं? ज्याला लपायचं असतं तो.

एवढ्यात एक पांढरी गाडी लांबच थांबली. तिच्यातनं टोपी कपाळावर ओढून, इकडं-तिकडं बघत कोण उतरावं? तात्या पोवार.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. दिनू, अरे बेलभंडारा उचललायस की तू.

मागोमाग मी आत गेलो. बाकड्यावर दिनू आणि तात्या शेजारी शेजारी, डोक्याला डोकं लावून हळू आवाजात बोलत होते. बाकीचेही सगळे पुरुषच, सगळे पिकल्या केसांचे, आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं. मला वाटलं, तात्यानं गुप्त बैठकच लावली आहे. मी मास्क तसाच ठेवून लांबच्या कोपऱ्यात टेकलो, तर काउंटरवरच्या बाईंनी हाक मारली.

"पावणं, पेशंट कोण?"

आता काय सांगणार? "मीच की."

"नाव?"

खरं नाव सांगून कसं चालेल? तोंडाला आलं ते मुरगूडच्या मेव्हण्याचं. "मारुती खोत." फोन नंबर मात्र गडबडीत माझाच गेला.

ऐकू काही येत नव्हतं, उठून जाता येत नव्हतं, आणि तेवढ्यात मारुती खोतचा पुकारा झाला. डॉक्टर तरुण होते. मला पहिल्यापासूनच त्यांचा संशय आला.

"रात्री लघवीला किती वेळा उठता?"

ह्यांना माझ्या रात्रीशी काय करायचंय? तरी सोंग पुरं करायचं म्हणून म्हणालो, "चार-पाच वेळा."

"धार कशी आहे?"

"बारीक झालीया."

यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं बरं का. पण वय झालं की व्हायचंच, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी कुशीवर झोपवलं, हातमोजा चढवला आणि मागून तपासलं. त्याचं वर्णन मी करणार नाही. अर्ध्या मिनिटात संपलं, आणि त्या अर्ध्या मिनिटातसुद्धा माझ्या मनात एकच विचार होता, की ह्यांना तात्यानंच सांगितलं असणार.

"लघवीच्या पिशवीखाली प्रोस्टेटची गाठ असते, ती एका बाजूला जरा कडक लागतेय," डॉक्टर म्हणाले. "पीएसए म्हणून रक्ताची तपासणी असते, तेवढी करून जा."

रक्त देऊन बाहेर येतोय तर दिनूही नाही आणि तात्याही नाही. दोघं निसटले.

दोन-तीन दिवसांनी फोन आला. "मारुती खोत का? तुमचा रिपोर्ट वाढीव आलाय. लवकर येऊन डॉक्टरांना भेटा."

क्षणभर मला मेव्हण्याची दया आली. मग आठवलं, हा मारुती खोत म्हणजे मीच.

पण संशयी माणूस इतक्यात थोडाच मानतो? मला वाटलं, मतदानाच्या आधी मला अंथरुणाला खिळवायचा हा तात्याचा डाव आहे. मी कोल्हापुरात दुसऱ्या लॅबमध्ये गेलो, खरं नाव सांगून पुन्हा रक्त दिलं. आकडा तोच. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून वाटलं, की आपल्याला कुणीतरी खरंच फसवत असतं तर बरं झालं असतं.

तसाच दिनूच्या दुकानात गेलो. "तात्यानं तुला काय कबूल केलंय ते सांग."

दिनूनं शटर अर्धं ओढलं. "इलास, मला प्रोस्टेटचा कॅन्सर झालाय. गुरुवारी ह्यो डॉक्टर कागलला येतोय. तात्याचं आपरेशन गेल्या वर्षी झालं. त्यानंच मला तिथं धाडलं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"काय सांगू? कुठं दुखतंय म्हणून सांगू? चार माणसांत हशा झाला असता. कोल्हापुरात कुणीतरी बघंल म्हणून कागलला जातोय आम्ही."

मी माझा रिपोर्ट त्याच्या पुढं ठेवला. दिनूनं तो दोनदा वाचला, आणि मग आम्ही दोघं पाइपांच्या ढिगावर बसून लहान पोरांसारखं रडलो. भीती वाटली होती मला, त्यात लाजायचं काय?

मग बायोप्सी झाली. कॅन्सरच निघाला, पण प्रोस्टेटच्या बाहेर गेलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात, ऑपरेशननं बरे व्हाल. आणि खरंच बरा झालो, आज तुमच्यापुढं बसून भजी खातोय. त्यांनी कौतुकानं विचारलं होतं, "इतक्या लवकर तपासायला कसं सुचलं तुम्हाला?" दोस्ताला रंगेहाथ पकडायला आलतो, हे कुठल्या तोंडानं सांगू? म्हणालो, "मनात आलं, आलो."

तेव्हा पन्नाशीच्या पुढच्यांनो, डॉक्टरांना विचारा आणि ती रक्ताची तपासणी करून घ्या. घराण्यात कुणाला झालेला असेल तर त्याच्याही आधी. पुष्कळदा काही दुखत नाही, खुपत नाही, आणि आत ते वाढत असतं. आपला दोस्त फुटायची वाट बघत बसू नका. माझ्या नशिबात संशय होता म्हणून वाचलो, प्रत्येकाच्या नशिबात असेलच असं नाही.

मतदानाचं तेवढं सांगायचं राहिलं. निवडणुकीची तारीख लागली ती नेमकी ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवसाची. तारीख बदला म्हणून मी डॉक्टरांपुढं हात जोडले, पण बायकोनं ऐकून घेतलं नाही. उमेदवारीच्या अर्जावर आधीच सही करून दिली होती, तो दिनूनं भरला. संध्याकाळी तो दवाखान्यात आला. कपाळाला गुलाल नव्हता. मी नळीसकट अर्धा उठून बसलो.

"काय झालं?"

"पाच-पाच पडली. चिठ्ठी काढली, ती तात्याच्या माणसाची निघाली."

"पाच कशी? सहा हाय की आपण. कोण फुटला? नाव सांग मला, एकेकाला बघतो."

दिनूनं माझ्या पायावरची चादर नीट केली.

"कोण न्हाई फुटलं, इलास. पाचीच्या पाची तुझ्यामागं हुबी हुती. तुला मत दिलं न्हाई ते फकस्त तूच."