एका दमाची गाडी

माझी बायको गाड्यांची परीक्षा घ्यायची. दार उघडायचं, चढायचं, सीटवर टेकायचं आणि लगेच म्हणायचं, "बठनू. चाला आते, उशीर व्हई ऱ्हायना." बसले, चला आता, उशीर होतोय. एवढं एका दमात म्हणता आलं तर गाडी पास. मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर नापास, मग गाडी कितीही देखणी असो. त्या वाक्याचा शेवटचा भाग मुळात माझा. लग्नापासून कुठेही निघायचं झालं की मी दारात उभा राहून तिला "चाल आते, उशीर व्हई ऱ्हायना" म्हणून भंडावून सोडायचो. आमच्या भाऊबंदांत मी तिरसट म्हणून ओळखला जातो, ते उगाच नाही. म्हातारपणी तिने ते वाक्य माझ्याच गळ्यात घातलं.

तिला जाऊन आता वर्ष होत आलं. तिने पास केलेली गाडी अजून अंगणात उभी आहे आणि मी ती आठवड्यातून एकदा चालू करून बंद करतो.

आमची शेती शहाद्याजवळ, पपईची आणि केळीची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. लग्नाआधीची, नोकरीची पहिली वर्षं तिने वर सातपुड्यात काढली, काठी गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावर. शाळा म्हणजे एक खोली आणि तीच तिचं घर. थंडी ओसरली की ती खाट बाहेर अंगणात काढायची आणि पावसाळ्यापर्यंत तिथेच झोपायची. सपाटीवरची पोरगी, एकटी, भोवती डोंगर. पण भीती कधी वाटली नाही, असं ती सांगायची, आणि तशी झोप पुन्हा कुठल्या घरात लागली नाही, असंही. हे दुसरं वाक्य मला जरा टोचायचं. पुढे बदली झाली, लग्न झालं, मुलगा झाला. एकदा जाऊन तिथे उघड्यावर झोपायचं, असं ती दरवर्षी म्हणायची आणि दरवर्षी काही ना काही आडवं यायचं.

निवृत्तीनंतर तिला कोरडा खोकला लागला. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सुरतला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत. औषधाने वेग कमी करता येईल, मागे फिरवता येणार नाही. तिने वर्गात विचारावं तसं स्वच्छ विचारलं, उघड्यावर झोपलं तर चालेल का? डॉक्टर आधी हसले. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, ऑक्सिजन सोबत ठेवा, थंडीत जाऊ नका, धुराजवळ बसू नका, आणि जायचं तर लवकर जा. बाहेर आल्यावर आम्ही दोघं त्या 'लवकर'बद्दल एक शब्द बोललो नाही. मी फक्त म्हटलं, या फेब्रुवारीत जाऊ.

मग मी सामानाच्या मागे लागलो. आमचा मुलगा सुरतेत नोकरीला. त्याने मोबाईलवर मला कॅम्पिंगचे व्हिडिओ दाखवले. तरणीताठी माणसं डोंगरावर गाडी लावतात, तंबू ठोकतात, शेकोटीपुढे बसून कॉफी पितात. मी ते रोज जेवताना बघू लागलो. मुलाने उत्साहाने एक तंबू, दोन झोपायच्या पिशव्या आणि छोटी गॅसची शेगडी मागवून दिली. तंबू मी अंगणात उभा केला. तिने दाराशी वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "यान्हामा मी रांगत जाऊ का?" वाकलं की तिचा श्वास अडायचा. पिशवीची चेन गळ्यापर्यंत लावून पाहिली तर ती घाबरीघुबरी झाली. तंबू ठेवून घ्या म्हणून मुलगा फोनवर मागे लागला, "आप्पा, तंबू भारी शे, ठी ल्या." मी त्याच्यावर उगाच ओरडलो. त्याचं काही चुकलं नव्हतं. ते सामान ज्यांचा श्वास चालतो त्यांच्यासाठी केलेलं होतं, इतकंच.

शेगडीही गेली. जिथे ऑक्सिजन तिथे विस्तव नको. म्हणजे आमच्या कॅम्पिंगला शेकोटी नाही, चूल नाही, गरम चहासुद्धा थर्मासमधला. आडवं झोपणं तिला जमत नव्हतं, म्हणून गादीही बाद झाली. शेवटी माळ्यावरची कापडी आरामखुर्ची काढली. तिचं कापड कुजलं होतं, ते बदलून जाड ताडपत्रीचं लावून घेतलं. घरचा इन्व्हर्टर, ट्रॅक्टरची बॅटरी, हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, आणि ते बंद पडलं तर म्हणून दोन सिलिंडर. हा सगळा पसारा ओट्यावर मांडलेला पाहून, नाकातली नळी सारखी करत ती म्हणाली, "नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच." आम्ही दोघंही हसलो. मग हसण्याने तिला खोकल्याची उबळ आली आणि मी पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.

राहिली गाडी. आमच्याकडे पपई वाहायचा पिकअप होता. त्यात चढणं म्हणजे तिला गडच. मुलाची गाडी उंच, मोठ्या चाकांची, घाटाला उत्तम. त्यात चढून ती "बठनू" म्हणाली आणि पुढचं वाक्य यायला बराच वेळ लागला. मुलगा दुसरीकडे बघत राहिला. नंदुरबारला एका शोरूममध्ये विक्रेता मला ॲव्हरेज सांगत होता, आणि ही मागे एकेका गाडीत चढून तेच वाक्य म्हणत होती. त्याला वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. मी काही खुलासा केला नाही. खुलासा करायला गेलो असतो तर मला रडू आलं असतं, आणि त्या काचेच्या दुकानात मला रडायचं नव्हतं. खरी अडचण अशी होती की तिच्या श्वासाला बुटकी गाडी हवी आणि डोंगरातल्या वाटेला उंच. दोन्ही एकाच गाडीत कसं मिळणार?

नवापूरला एक जुनी व्हॅन विकायची आहे असं कळलं. शाळेच्या पोरांची ने-आण करणारी. सरकतं दार, बुटका तळ, आत अजून डब्यांचा आणि खोडरबराचा वास. ती चढली, टेकली आणि तिने अख्खं वाक्य सरळ म्हटलं. वर आणखी म्हणाली, "हाईच ल्या." मी खाली वाकून पाहिलं. गाडीचं पोट जमिनीला लागायला आलं होतं. कच्च्या वाटेवर ती अडकणार, हे मला तिथेच कळलं. तरी घेतली.

मग मी बाभळीची एक पायरी करून घेतली. आधी पपईचं कॅरेट पालथं टाकून पाहिलं होतं, पण ते सरकायचं. सुताराने रुंद, बसकी पायरी केली आणि तिच्यावर टायरचा तुकडा ठोकला. पाय घसरत नव्हता. सिलिंडर वळणांवर पडू नये म्हणून व्हॅनच्या बाजूला लोखंडी कडं बसवलं. निघायच्या आधी आमच्याच अंगणात रंगीत तालीम केली. ती खुर्चीत, मशीन व्हॅनमध्ये, मी शेजारी खाटेवर. सकाळी शेजारीण विचारायला आली, घरात काही वादावादी झाली का? बायको म्हणाली, झाली, आणि मी जिंकले.

होळीच्या गर्दीआधी आम्ही निघालो. तळोदा, अक्कलकुवा, मग घाट. मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत पुढे जात होत्या आणि मला कुणाचा राग येत नव्हता. मोलगीनंतर ती एकेक टेकडी ओळखू लागली. डांबर संपलं तिथे तिची एक जुनी विद्यार्थिनी, आधी निरोप धाडलेला म्हणून, वाट बघत उभी होती, आता स्वतःच नातवंडांची आजी. पुढची वाट दगडांची होती. शाळा खाली उतारावर दिसत होती, पण व्हॅन तिथवर जाणार नव्हती आणि चालणं तर शक्यच नव्हतं. मला वाईट वाटलं. इतकी जमवाजमव करून शेवटच्या उतारावर हरलो. बायको मात्र खिडकीतून खाली बघत म्हणाली, तेव्हा मी तिथून वर इथे बघायचे, आज इथून तिथे बघते.

विद्यार्थिनीचं घर तिथेच रस्त्यालगत होतं. ती म्हणाली, "बाई, घरात झोपा, घर रिकामंच आहे." तिची मुलं-सुना गुजरातेत ऊसतोडीला गेलेली, होळीला परत येणार होती. बाईंनी नकाराची मान हलवली. तेव्हा तिने हट्ट केला नाही. शेताच्या कडेची जागा झाडून दिली, आणि बाईंना धूर नको म्हणून त्या संध्याकाळी आपली चूल घराच्या मागच्या बाजूला नेऊन पेटवली. आम्ही घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी तिघांनी खाल्ली. दोघी तिथल्या पावरी बोलीत काहीतरी बोलून हसत होत्या. मला त्यातलं काही कळलं नाही आणि ते बरंच वाटलं. माझ्याआधीचं तिचं आयुष्य मी पहिल्यांदाच शेजारी बसून बघत होतो.

बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरली. सिलिंडर लावला आणि मी त्याच्या काट्यासमोर ठाण मांडून बसलो. झोपलो नाही. ती झोपली. घरी उशांच्या ढिगावर तासातासाला दचकणारी बाई त्या ताडपत्रीच्या खुर्चीत, घोंगडी हनुवटीपर्यंत ओढून, उजाडेपर्यंत झोपली. डोंगराच्या कडेला उजेड आला तेव्हा मी अजून काट्याकडेच बघत होतो. तिचा आवाज आला, "काटा काय देखी ऱ्हायनात? तथा देखा." मी तिकडे पाहिलं. खाली शाळेचा पत्रा लखलखत होता. ती म्हणाली, तशीच झोप लागली. मला माझं सगळं आयुष्य भरून पावल्यासारखं वाटलं आणि मी तिला तसं सांगितलंही.

पुढची खेप प्रकाशा गावाला, तापीच्या काठी, असं ठरलं. खुर्ची, घोंगडी, थर्मास व्हॅनमध्येच राहू दिलं. रस्ता डांबरी, चढ नाही, तिथे तर व्हॅन अगदी पाण्यापर्यंत जाईल, असं ती सांगत होती.

श्रावणात एका सकाळी तिचा श्वास मशीनलाही पुरेना. ॲम्ब्युलन्स आली. ती केवढी उंच आहे हे पाहिलं आणि मी धावत जाऊन व्हॅनमधली बाभळीची पायरी आणली, मागच्या दाराशी नीट मांडली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, स्ट्रेचर शे, पायरी नही लागाव." त्याने आणि त्याच्या मदतनिसाने तिला उचलून आत ठेवलं. मी पायरीवर पाय देऊन आत चढलो आणि तिच्या उशाशी बसलो. तिने तोंडावरचा मास्क बोटाने जरा वर केला. डोळ्यांत तेच चिडवणं होतं.

"बठनू," ती म्हणाली.

पुढे तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मी मास्क परत खाली बसवला आणि उरलेलं मीच म्हटलं, "चाला आते, उशीर व्हई ऱ्हायना."

ड्रायव्हरला वाटलं मी त्यालाच म्हटलं. त्याने गाडी सुरू केली. पायरी मागे अंगणातच राहिली.