ओळीच्या शेवटचा स्वल्पविराम

वेणीमाधव तसा सज्जन, पण हट्टी असा की विचारू नका. बँकेत असताना पायथन ही संगणकाची भाषा शिकून त्याने थोरल्या भावासाठी, वासुदेवरावांसाठी, एक प्रोग्राम लिहिला होता. वासुदेवराव तिकडे उत्तरेत, अमृतराव घाटावर महाराष्ट्रातल्या यजमानांची श्राद्धं करवतात. प्रोग्राम दर यजमानाची पर्ची छापायचा: वर एका ओळीत 'श्राद्धकर्ता' आणि पुढे त्याचं नाव, खाली त्याचे दिवंगत. मोतीबिंदू झाल्यापासून वासुदेवरावांची सगळी भिस्त मोठ्या अक्षरांतल्या त्या पर्चीवर. तिळाच्या पाण्यावर जिवंत माणसाचं नाव घ्यायचं नाही, हे पथ्य त्यांनी जन्मभर पाळलेलं.

यंदा पितृपक्षाच्या तोंडावर जुना संगणक गेला. नव्यावर नवा पायथन. त्याला छापायच्या 'प्रिंट' या आज्ञेपुढचा मजकूर कंसात लागतो. प्रोग्राम पहिल्याच ओळीला अडला.

"काका, मैं कर देती हूँ ना," पुतणी कस्तुरी म्हणाली.

"माझं आहे, मीच करीन."

दोन दिवस बसून गृहस्थाने एकशे चाळीस ओळींना कंस घातले. काही ओळींच्या शेवटी स्वल्पविराम होते, ते तसेच राहिले. पुढचा शब्द याच ओळीत छाप, असा जुना पायथन त्यांचा अर्थ घ्यायचा. नवा तो अर्थ घेत नाही, आणि तक्रारही करत नाही. पर्च्या निघाल्या. वेणीमाधवाने त्या न वाचताच घाटावर नेऊन दिल्या.

सकाळी नाशिकच्या संपदाबाई मुलाला घेऊन नवऱ्याच्या श्राद्धाला आल्या. पर्चीवर 'श्राद्धकर्ता' एका ओळीत आणि 'आदित्य' त्याखाली, दिवंगतांच्या रांगेत पहिला. तिळाचं पाणी सोडायला सांगत वासुदेवरावांनी ते नाव घेतलं. मघाशी संकल्पातही त्याने आपलं नाव मनातल्या मनात म्हटलं होतं, म्हणून पोराला काही वावगं वाटलं नाही. त्यांच्यामागून म्हणत त्याने ओंजळ कलती केली. संपदाबाईंनी त्याचं मनगट धरलं.

"गुरुजी, आदित्य हा आहे. माझ्यासमोर बसलाय."

वासुदेवरावांनी पर्ची खाली ठेवली. वेणीमाधव शेजारच्या पायरीवरच उभा होता. संगणकावर ढकलून मोकळं होता आलं असतं. पण लाजेने त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तो खाली बसला. "बाई, चूक माझी. मी वाचून पाहिलं नाही." संपदाबाईंनी पोराचं मनगट सोडलं नाही.

त्याच दुपारी कस्तुरीला शेजारी बसवून त्याने एकेक ओळ दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी नवी पर्ची पुढे केली, तर वासुदेवरावांनी ती घेतली नाही. "तू वाच, वेणू."

तेव्हापासून तोच वाचतो. आधी श्राद्ध करणाऱ्याचं नाव घेतो, मान वर करून त्या माणसाच्या तोंडाकडे बघतो, आणि "आहे" असं ऐकल्याशिवाय पुढची ओळ घेत नाही.