चेल्लपांडीचा दाह

दिंडुक्कलच्या बसस्टँडामागे चेल्लपांडीचा परोटा खायला लोक वाट वाकडी करून येत. परोटे करणाऱ्या या मास्टरचा हात चाले त्याहून तोंड जास्त. त्यात तीळ म्हणून भिजत नसे.

लग्नाला पाच वर्षं होऊनही पाळणा हलला नव्हता. बायकोच्या, पूंगोडीच्या, सगळ्या तपासण्या निर्दोष निघाल्या, तरी त्याची अम्मा सुनेलाच घालूनपाडून बोलायची. शेवटी पूंगोडीने त्यालाच दवाखान्यात ढकललं.

"वीर्यात पांढऱ्या पेशी फार वाढल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत दाह आहे, म्हणून शुक्राणू टिकत नाहीत. या गोळ्या चुकवू नका."

चेल्लपांडीच्या कानात एकच शब्द शिरला. दाह! म्हणजे आपला 'सूडु', अंगातली उष्णता! तो नाचतच हॉटेलात आला.

"अरे, नुसता सूडु निघाला! तव्यापुढे उभं राहून दुसरं काय होणार?"

"ताडगोळे खा, अण्णा!"

"शनिवारी डोक्यावर तेल थापा!"

"आणि रात्री जरा लवकर घरी जा!"

सगळं हॉटेल खिदळलं. त्याने ताडगोळे खाल्ले, ताक ढोसलं, तेल थापलं. गोळ्या मात्र तशाच ठेवल्या. गोळ्या उष्ण पडतात, हे शेंबडं पोरही सांगेल!

पुढच्या तपासणीत पेशी दुप्पट.

"अहो मास्टर, तव्याची धग वाईटच, पण हा दाह जंतूंचा आहे!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "ताडगोळ्यांनी जंतू मरतात होय?"

त्या दिवसापासून त्याने गोळ्या घेतल्या, पण तोंड शिवलं. उष्णता चारचौघांत मिरवता येते. जंतू म्हटलं की लोक भलतंच समजतात. माणसाची जातच मेली अशी.

तेवढ्यात अम्माने नवस बोलला. शुक्रवारी मारियम्मन देवीच्या देवळात पूंगोडी 'मण सोरु' खाणार. मूल मागणाऱ्या बायका हात पाठीमागे धरून जमिनीवर वाढलेला भात तोंडाने खातात, तो नवस.

"अम्मांना खरं काय ते तुम्ही सांगताय, का मी जमीन चाटू?" पूंगोडीने विचारलं. चेल्लपांडी चपला घालून हॉटेलाकडे निघाला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, तरीही पाय थांबले नाहीत.

शुक्रवारी देवळात बायकांची रांग बसली, भात वाढला. पूंगोडी खाली वाकली. तसा कमरेची वेष्टी खोचून चेल्लपांडी धपकन तिच्या शेजारी बसला.

"ओ मास्टर, ही बायकांची पंगत!" कोणीतरी ओरडलं.

"असू दे! अम्मा, खोट माझ्यात आहे! जंतू माझ्यात, रिपोर्ट माझा वाईट! ही ठणठणीत आहे!"

बसस्टँडवरची गिऱ्हाइकं ओढणारा तो आवाज पार वेशीपर्यंत गेला. मग हात मागे धरून त्याने भातात तोंड घातलं. नाकाला भात चिकटला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, पूंगोडी हसता हसता रडायला लागली.

अम्मा गर्दीतून पुढे आली. मग ती वाकली आणि तिने सुनेचा दंड धरला.

"ऊठ गं. तुझं काय काम इथं?" आणि लेकाकडे वळून म्हणाली, "तू खा. शीतही सोडू नकोस."