बुजवलेल्या खाचा

थेम्सच्या काठावरचं हे व्हिक्टोरियन घर आम्ही घेतलं, त्याच महिन्यात तो म्हातारा दिसू लागला. अंगात हिरवा रेनकोट, हातात कुत्र्याचा पट्टा. कुत्रा मात्र कधीच दिसला नाही. आमच्या फाटकापाशी थांबायचा, दाराची चौकट खालून वर न्याहाळायचा आणि मान हलवून पुढे जायचा. बाकी कुठल्याच घरापुढे तो थांबत नसे.

"त्याला आपलं तोरण खुपतंय," बायको म्हणाली. "कौन्सिलला कळवूया का?"

मलाही तेच वाटत होतं. शेवटी एका शनिवारी मी दार उघडून विचारलंच, "काय बघताय?"

तो जराही दचकला नाही. "या रस्त्यावरच्या प्रत्येक चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा आहेत," तो म्हणाला. "उधाणाची भरती आली की त्यांत फळ्या सरकवायच्या, म्हणजे नदी घरात शिरत नाही. राणी व्हिक्टोरियाच्या काळापासून इथली माणसं हेच करत आलीत. फक्त तुमच्याच खाचा बुजवलेल्या आहेत. कोणी बुजवल्या?"

"आधीच्या मालकाने. रंग देताना."

"म्हणजे विकायच्या आधी," तो म्हणाला आणि चालू लागला.

माझा संशय त्याच्यावरून उठला तो थेट घरावर जाऊन बसला. काल भरतीच्या वेळी मी शेजारच्या घराच्या चौकटीतली खाच बोटाने चाचपत होतो, किती खोल ठेवतात ते बघायला. त्यांच्या वरच्या खिडकीतला पडदा हळूच बाजूला झाला.