चुंबकाला न लागणारा तुकडा

दोघा भावांचं ते भांडण अख्ख्या जिन्याने ऐकलं होतं. भिंती पातळ, आणि शेजारणींचे कान त्याहून तिखट. थोरला नुकताच प्लास्टरमधला पाय घेऊन घरी आला होता.

“पिस्टन फुटला होता ना? मग तुकडे राहिलेत का ते कसं बघितलंस?”

“चुंबक फिरवला, दादा. दोनदा फिरवला. काही लागलं नाही, म्हणून म्हटलं इंजिन साफ आहे.”

“अरे शहाण्या, पिस्टन कशाचा असतो?”

पिस्टन ॲल्युमिनियमचा. त्याला चुंबक जन्मात लागायचा नाही. हे धाकट्याला, म्हणजे आपल्या मिस्तरीला, झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं, पण त्या दिवशी घाई नडली. आत राहिलेल्या तुकड्याने उतारावर इंजिन जागीच आवळून धरलं, आणि गाडी फिरवून बघायला निघालेला थोरला तिच्याखाली आला. पाय जुळला, पण बोटभर आखूड राहिला.

त्याला बावीस वर्षं झाली. तो विषय दोघांत पुन्हा निघाला नाही. मिस्तरी आता साठीला टेकलाय. गुडघे कुरकुरतात, पाठ बोलते, आणि दुपारनंतर डोळे संपावर जातात. गॅरेज बंद करीन, बंद करीन म्हणतो. बायको म्हणते, “तुमचं बंद म्हणजे कुलूप हरवलेल्याचं बंद.”

परवा नर्सबाईंनी त्यांची डोंगरात फिरायची गाडी ढकलत आणली. जाड चाकांची ती चारचाकी, इंजिन टू-स्ट्रोक.

“आतून खडखडली नि बसलीच. मिस्तरी, उद्या सकाळी वरच्या वस्तीत औषधं पोचवायचीत. संध्याकाळपर्यंत द्याल ना?”

“आधी पोट तर उघडू द्या तिचं.”

उघडलं, तर पिस्टनचा खालचा घेर फुटलेला. तुकडे इंजिनच्या खालच्या पेटीत पडलेले. मिस्तरीने चिमट्याने एकेक वर काढला, पुसला, आणि टवके उडालेल्या जुन्या ताटलीत ग्रीसचं बोट लावून जागच्या जागी चिकटवला. ही त्याची रीत. फुटकी बरणी जोडावी तसा तो अख्खा घेर पुन्हा उभा करतो, आणि मगच नव्या पिस्टनला हात लावतो. सायलेन्सर उलटा करून आपटला. नुसती काजळी पडली. खालच्या पेटीत रॉकेल ओतून गाडी आडवी केली, रॉकेल गाळून घेतलं. काही नाही.

ताटलीत, काठाला, करंगळीच्या नखाएवढी जागा रिकामी.

नर्सबाई स्टुलावर घड्याळ बघत बसलेल्या. “एवढासा तर आहे. धुराबरोबर गेला असेल की बाहेर!”

“गेला असेल.”

“मग?”

नवा पिस्टन खोक्यात तयार होता. बसवला असता तर दिवेलागणीला गाडी बाईंच्या हवाली, आणि याची पाठ अंथरुणाला. नाहीतर अख्खं इंजिन खाली उतरवून पेटी मधोमध फोडायची, म्हणजे रात्रीपर्यंत पाठ मोडायची आणि जोडणी उद्यावर. त्याने समोरच्या खिडकीकडे बघितलं. तिथे थोरला खुर्ची टाकून रस्ता बघत बसलेला असतो.

“गेला असेल, पण गेलाय असं नाही म्हणता येत मला. गाडी उद्या नाही मिळायची, बाई.”

“आणि औषधं?”

“माझी स्कूटर न्या. रस्ता आहे तिथवर जाईल.”

“आणि पुढे?”

“पुढे तुमचे पाय. शिव्या घालत चढा, चढ लवकर संपतो.”

बाईंनी तिथेच सुरुवात केली. पण स्कूटरची किल्ली घेतली.

मग मिस्तरी, लाकडी हातोडा आणि ते हट्टी इंजिन. दोनदा त्याने पाठ टेकून डोळे मिटले, दोनदा स्वतःलाच म्हणाला, “उठ रे म्हाताऱ्या.” सांजेच्या सुमाराला पेटी उघडली. बेअरिंगच्या गोळ्यांना चिकटून, तेलात माखलेला, तुकडा बसला होता. जरा फिरलं असतं की आत शिरलाच असता. मिस्तरीने तो ताटलीत ठेवला. बरोब्बर बसला. त्याला हसू आलं नाही, रडू आलं नाही. नुसती जांभई आली. बेअरिंग नवी टाकायची, सगळं पुन्हा जोडायचं, ते उद्या.

हात धुऊन त्याने रोजच्यासारखं थोरल्याचं दूध आणि पाव घेतले, सोळा पायऱ्या चढला. मधे एकदा टेकला. दार लोटलेलंच होतं.

“इतका वेळ?” थोरला खिडकीशी बसूनच म्हणाला.

“पेटी फोडली.”

“होता?”

“होता. बेअरिंगपाशी.”

थोरल्याने मान हलवली. आखूड पाय दुसऱ्या पायावर घेतला. “दूध तापवून जा. कालच्यासारखं उतू घालवू नकोस.”

“काल तूच घालवलंस, दादा.”

मिस्तरीने पातेलं गॅसवर ठेवलं, दूध वर येईतो तिथेच उभा राहिला, गॅस बंद केला, वर झाकणी तिरकी ठेवली, आणि पाव डब्यात टाकून घरी गेला.