कुणात किती दम

फुटबॉलच्या विश्वचषकाला महिनाभर उरला की आमच्या शहरातल्या पेपरात शेवटच्या पानावर एक सदर सुरू व्हायचं, ‘कुणात किती दम’. रोज एक संघ, बत्तीस दिवसांत बत्तीस संघ. आपला संघ पात्र ठरला असेल तर तो शेवटच्या दिवशी. बहुतेक वेळा ठरायचाच नाही, ती गोष्ट सोडा. सदराच्या डोक्यावर चष्मा लावलेल्या एका गृहस्थाचा फोटो असे. लोक त्याला पंडित म्हणायचे, रस्त्यात अडवून विचारायचे, काय पंडित, यंदा कोण? घरात मात्र पंडिताला छोट्या म्हणत, आणि या छोट्याचं वय होतं बासष्ट.

आता खरं काय ते सांगूनच टाकतो, लपवालपवीचा मला मुळात कंटाळा आहे. या पंडिताला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्याच्याकडे भाषा होती. खेळ कळायचा तो त्याच्या थोरल्या भावाला, आणि थोरला भाऊ होता शिंपी.

दादा तरुणपणी बचावात खेळायचा. राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात आठ दिवस राहूनही आला होता. नवव्या दिवशी गुडघा गेला. मग आयुष्यभर त्याच गुडघ्यानं शिवणाच्या मशीनचं पायडल मारलं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मशीनच्या वर फळीवर टीव्ही, आणि टीव्हीचा आवाज कायम बंद. “बडबड ऐकू आली की खेळ दिसत नाही,” असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाच्या पँटला काजं करता करता तो जगभरचे सामने बघायचा, आणि एकदा बघितलेलं विसरायचा नाही.

सदराचे दिवस आले की सकाळी दहाला कटिंगचं टेबल रिकामं व्हायचं. दादा डब्यातून अकरा बटणं काढून टेबलावर मांडायचा. छोट्या स्टुलावर पेन्सिल घेऊन बसायचा.

“लिही,” दादा म्हणायचा. “हा बचाव लांबून झकास दिसतो, पण मधे नुसता कच्चा टाका आहे. समोरचा जोरात धावला की उसवणार. आणि या संघात माया ठेवलेली नाही. अकरा जण अगदी मापाचे. बारावा लागला की बोंब.”

शिंपी शिवणीच्या आत थोडं कापड जास्तीचं सोडतो, पुढे कपडा सैल करता यावा म्हणून, त्याला माया म्हणतात. छोट्या हे सगळं सफाईनं लिहायचा आणि दुपारी पेपरात नेऊन द्यायचा. वाचणारे खूश. काय लिहितो हो हा माणूस, सुईत दोरा ओवल्यासारखं! एकदा उपांत्य फेरीतल्या चारपैकी तीन संघ आधीच बरोबर सांगितले, तेव्हा तर शहरानं पंडिताला डोक्यावर घेतलं.

नाव छोट्याचं का, असं तुम्ही विचाराल. दादाचंच म्हणणं होतं. “शिंप्याचं भाकीत कोण वाचणार? तुझं घाल.” पहिल्या वेळी छोट्या मनापासून भांडला. चार वर्षांनी अर्ध्या मनानं. त्यानंतर विषयच निघाला नाही. पुढे त्याचा सत्कार झाला, चांदीचं ताट मिळालं. सत्काराचा कोट दादानं शिवला आणि स्वतः मागच्या रांगेत बसून सगळ्यांत जास्त टाळ्या वाजवल्या. छोट्यानं भाषणात मालकांचे आभार मानले, वाचकांचे मानले, अगदी मुद्रितं तपासणाऱ्याचेही मानले. दादाचे मानायचे तेवढे राहिले. राहिले कसले, त्यानं गिळले. परतताना दादा म्हणाला, “कोट खांद्यावर छान बसलाय.” छोट्याला त्या वाक्याची अजून लाज वाटते.

तर यंदाची गोष्ट. यंदा आपला संघ अठ्ठावीस वर्षांनी पात्र ठरला, आणि यंदाच दादा विसरायला लागला. आधी गिऱ्हाइकांची मापं चुकली. मग एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. डॉक्टरांनी तपासलं आणि दादाला कपडे घालायला आत बसवून छोट्याला आणि वहिनीला बाहेर सांगितलं, “हे वाढत जाणार. आधी नावं जातील, मग रस्ते, मग माणसं.”

घरी आल्यावर वहिनी छोट्याला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, “भावोजी, यांना काही सांगायचं नाही. मशीन सुटलं, मापं सुटली. डोकं चालत नाही म्हणून कळलं तर ते तिथेच संपतील. तुमचं ते सदर तेवढं चालू राहू दे. माझ्यासाठी एवढं करा.”

छोट्यानं हो म्हटलं. त्याच्या बासष्ट वर्षांत त्यानं कुणाला दिलेला हा एकच शब्द होता ज्याला खरं वजन होतं.

अकरा संघ सुरळीत गेले. दादाची नजर शाबूत होती. बटणं मांडली की बोटं आपोआप चालायची. बारावा संघ आला शेजारच्या देशाचा, आपला जन्माचा वैरी. दादानं डाव्या बगलेला एक पांढरं बटण सरकवलं. “इथे चिमणा. बारीक आहे, पण त्याला उजव्या पायावर ढकललंत तरच वाचाल. डावा पाय म्हणजे कात्री आहे कात्री!” छोट्यानं लिहिलं. बत्तीस वर्षांची सवय, दादाच्या तोंडून निघालं की याच्या हातून उतरलं. तपासायचं काय त्यात? पेपरातही कुणी तपासलं नाही, पंडितांचं काय तपासायचं!

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पेपरात फोन खणखणायला लागले. चिमणा हे त्या संघातल्या एका जुन्या खेळाडूचं टोपणनाव. तो निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली होती आणि मरून सहा. एका म्हाताऱ्या वाचकानं फार गरिबीनं विचारलं, “अहो, ते गेले तेव्हा मृत्युलेख तुम्हीच लिहिला होतात ना? मी कापून ठेवलाय.” खरंच, छोट्यानंच लिहिला होता. म्हणजे दादानं सांगितला होता.

संपादकबाई वयानं याच्या मुलीएवढ्या, पण समजूतदार. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. “काका, किती वर्षं लिहिताय तुम्ही! थोडी विश्रांती घ्या आता. उरलेले संघ आम्ही आकडेवारीवरून करून घेऊ. आणि रागावू नका, पण एकदा डॉक्टरांना दाखवा. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं होतं.”

छोट्याच्या ओठांवर आलं होतं, माझं नाही हो, दादाचं. पण ते म्हटलं की पुढचंही म्हणावं लागलं असतं, की बत्तीस वर्षांचं सगळंच दादाचं. आणि दादाची अब्रू आता, डोकं गेल्यावर, अशी चव्हाट्यावर आणायची? शहाणपण होतं तोवर ते माझ्या नावावर खपवलं, आणि विसरणं तेवढं त्याच्या नावावर? त्याला स्वतःची इतकी किळस आली की तो मूग गिळून बसला. “दाखवतो,” म्हणाला आणि जिना उतरला. खाली पहारेकऱ्यानं नेहमीसारखं विचारलं, “काय पंडित, कोण जिंकणार?” छोट्यानं ऐकूच आलं नाही असं दाखवलं.

त्या दिवसापासून घरात नाटक सुरू झालं. सकाळी दहाला दादा बटणं मांडायचा, छोट्या लिहायचा. दुपारी कागद खिशात घालून तो घराबाहेर पडायचा आणि वाचनालयात पंख्याखालच्या बाकावर पाचपर्यंत बसायचा. दुसऱ्या दिवशी पेपर उघडायचा, पेन्सिलीनं लिहिलेले कालचे कागद आत धरायचा आणि मोठ्यानं वाचायचा. दादाला बारीक अक्षर दिसत नव्हतं. पेपरात त्या जागी आता आकडे असायचे, कुणाची शक्यता किती टक्के, आणि एका तरुणाचा हसरा फोटो. वहिनी चहाचा कप ठेवताना तो फोटो बघायची आणि पदर तोंडाला लावून आत जायची.

दिवसेंदिवस बटणांवरची माणसं जुनी होत गेली. अठराव्या संघात निम्मे निवृत्त. पंचविसाव्यात निम्मे मेलेले. पण गंमत अशी की खेळ बरोबर असायचा! कोण कुणाला चेंडू देणार, कुठे फट पडणार, सगळं चोख. फक्त ती माणसं आता नव्हती. छोट्या हूं की चूं न करता लिहीत होता. आधी कधी केलं नव्हतं ते तो आता करायला लागला, दादा बोलताना त्याच्या तोंडाकडे बघायला लागला. किती वर्षं नुसता कागदाकडे बघत आलो, असं त्याच्या मनात येई आणि जीव तुटे.

बत्तिसावा आणि शेवटचा आला आपला संघ. दादा त्या दिवशी फार खुलला होता. “गोलात अण्णा. बचावात उजवीकडे,” बटण बोटाखाली धरून तो लाजला, “उजवीकडे लिही मलाच. गुडघा बरा आहे आता.” छोट्यानं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतःची दाढी स्वतः केली, एकदाही न कापता. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढला. वहिनीला म्हणाला, “चहात साखर कमी घातलीस आज.” खरंच कमी पडली होती. तिनं धावत साखरेचा डबा आणला. असे दिवस मधूनच येतील, फार आशा धरू नका, असंही डॉक्टर म्हणाले होते.

दादा खुर्चीत टेकून बसला. “हं, वाच. आपला संघ.”

छोट्यानं पेपर उघडला. आता थांबणार कसा? “अठ्ठावीस वर्षांनी आपण मैदानात उतरतोय,” त्यानं सुरुवात केली. “गोलात अण्णा...”

“थांब,” दादा म्हणाला. “कोण?”

“अण्णा.”

“कोणता अण्णा? आपला? अरे, अण्णाला स्मशानात पोचवून आलो आपण दोघं. तू माझ्या शेजारी उभा होतास. पुढे वाच.”

छोट्याला पुढे वाचवेना. दादानं हात पुढे केला, कागद ओढून घेतले, डोळ्यांजवळ नेले. पेन्सिलीचं अक्षर मोठं होतं, त्याला दिसलं. पेपरात पेन्सिलीचे कागद कसे, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही, तो एकेक नाव बोटानं धरत गेला. “हा नातवंडं खेळवतो. हा परदेशी गेला तो गेलाच. आणि हे काय, उजवीकडे मी? अरे, मी सदुसष्ट वर्षांचा आहे! छोट्या, असं लिहिलंस तू? असं छापायला दिलंस?”

वहिनी दारात होती. तिच्यानं राहवलं नाही. “अहो, हे तुम्हीच काल...”

“वहिनी!” छोट्या ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्यावर ओरडला असेल. मग दादाकडे वळला. “माझंच चुकलं दादा. अलीकडे मला विसरायला होतं.”

दादाचा राग उतरत गेला, आणि त्याच्या जागी जे आलं ते बघणं छोट्याला राग सोसण्याहून जड गेलं.

“कधीपासून?”

“झाले चार-पाच महिने.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“दाखवलं.”

“काय म्हणाले? खरं सांग, मला फसवू नकोस.”

“वाढत जाणार म्हणाले. आधी नावं जातील, मग रस्ते, मग माणसं.”

दादानं कागद बाजूला ठेवले. त्याचे डोळे भरून आले. धाकट्या भावाचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला, सुया टोचून टोचून निबर झालेल्या त्या बोटांनी, आणि तो रडायला लागला. लहान मुलासारखा नाही, मोठ्या भावासारखा, आवाज दाबून. “माझ्या बाळाला हे कसं झालं रे? तुझं डोकं तर किती चांगलं. किती सुरेख लिहायचास तू. मी नुसता बडबडायचो, सोनं तू करायचास.”

आता मात्र छोट्याचा बांध फुटला. चांदीच्या ताटापासूनचं, नव्हे, त्याच्याही आधीचं सगळं एकदम वर आलं. त्याला सांगायचं होतं, सगळं सांगायचं होतं. पण सांगितलं असतं तर वहिनीला दिलेला शब्द मोडला असता, आणि आज, या एका चांगल्या सकाळी, दादाला स्वतःचं कळलं असतं. त्यानं नुसती मान हलवली आणि दादाच्या हातांवर कपाळ टेकून तो रडत राहिला.

दादा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होता. “घाबरू नकोस. नावं गेली तर जाऊ दे, मी रोज सकाळी सांगत जाईन तुला. हे तुझं घर, ही तुझी वहिनी, मी दादा. रोज सांगेन, कंटाळणार नाही.” मग त्यानं डोळे पुसले, ताठ बसला आणि दाराकडे बघून बायकोला बजावलं, “आजपासून याला एकट्याला बाहेर सोडायचं नाही, कळलं? आणि माझ्याही खाण्यापिण्याकडे नीट लक्ष दे. याचं सगळं मलाच बघायचंय, मला आता आजारी पडून चालणार नाही.”